पडलेल्या दाताच्या जागी खोल गेलेली हिरडी आणि ब्रिज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढचा दात काढल्यावर काही महिन्यांनी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना कॅपने जोडलेला कृत्रिम दात, बसवायचा ठरतो. दातांच्या रंगावर, कॅपच्या प्रकारावर, खर्चावर भरपूर बोलणं होतं, हिरडीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ब्रिज खरा वाटेल की बसवलेला, हे पुष्कळदा त्या हिरडीवरच ठरतं. खालचे प्रश्न अशा रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत.

ब्रिज नवा आहे, तरी मधला दात लांब आणि नकली दिसतो. लॅबने चूक केली का?

बहुतेक वेळा नाही. दात ज्या हाडात रुतलेला असतो त्यातला आतला थर त्या दातासाठीच असतो. दात गेला की तो थर विरघळू लागतो. वरच्या पुढच्या दातांसमोरची हाडाची भिंत बहुतेकांत १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, म्हणून झीज ओठाच्या बाजूने सर्वात जास्त होते. दात काढल्यानंतरच्या वर्षभरात त्या जागेची साधारण निम्मी रुंदी कमी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. हिरडी हाडावर पसरलेली असते, त्यामुळे हाड आत गेलं की तीही आत जाते.

आता लॅबमधल्या माणसापुढे खळगा पडलेलं मॉडेल येतं. शेजारचे दात जिथे हिरडीतून बाहेर येतात, तिथे या मधल्या दाताला (दंतवैद्य त्याला पाँटिक म्हणतात) टेकायला काहीच नसतं. मग एक तर दात लांब करावा लागतो, नाहीतर तो खोगिरासारखा हिरडीवर ओढून घ्यावा लागतो. लांब केला की नजरेला खटकतो. ओढून घेतला की त्याच्या खाली अन्न साचतं, स्वच्छता होत नाही, हिरडी सुजते आणि वास येऊ लागतो. काहींना ‘स’, ‘फ’ म्हणताना फटीतून हवा सुटल्याचं जाणवतं. यातलं काहीच पोर्सेलीन बदलून सुटत नाही.

हिरडीचा ग्राफ्ट म्हणजे नेमकं काय करतात?

तुमच्याच तोंडातल्या एका जागेची ऊती काढून खळग्याच्या जागी बसवतात. पद्धती दोन-तीन आहेत आणि त्यांतला फरक रुग्णानेही समजून घ्यावा, कारण दिसण्याचा निकाल त्यावर बदलतो.

सर्वात जास्त वापरली जाते ती संयोजी ऊतीची पद्धत. टाळूच्या वरच्या त्वचेखाली एक घट्ट, तंतुमय थर असतो. छोटी चीर देऊन तेवढा थर आतून काढून घेतात आणि वरची त्वचा पुन्हा टाके घालून बंद करतात. खळग्याच्या जागी हिरडीत एक खिसा तयार करतात, तो थर त्यात सरकवतात आणि टाक्यांनी पक्का करतात. खळगे भरण्यासाठी ही पद्धत लँगर आणि कॅलान्या या दंतवैद्यांनी १९८० मध्ये मांडली. हिच्यात वरची त्वचा जागेवरचीच राहते, त्यामुळे रंग जुळतो.

खळगा लहान असेल तर ‘रोल’ पद्धत चालते. तिथल्याच टाळूकडच्या बाजूची ऊती देठाला जोडलेली ठेवून गुंडाळतात आणि ओठाच्या बाजूला खाली सरकवतात. रक्तपुरवठा तुटत नाही, ही तिची मोठी सोय.

तिसरी पद्धत उंची वाढवण्यासाठी. टाळूवरची त्वचेसकट जाड चकती काढून ती थेट खळग्याच्या वर बसवतात. ती नव्या जागेतून रक्त मिळवेपर्यंत उघडी असते, म्हणून आक्रसते जास्त, रंगही वेगळा राहण्याची शक्यता असते. पुढच्या दातांसाठी आम्ही तिच्याकडे नाइलाजानेच वळतो.

माझा खळगा भरण्यासारखा आहे का?

दंतवैद्य सायबर्ट यांनी १९८३ मध्ये केलेली अशा खळग्यांची विभागणी आजही दवाखान्यात रोज वापरली जाते. पहिल्या वर्गात रुंदी गेलेली असते, उंची शाबूत असते. समोरून पाहिलं तर हिरडीची रेषा ठीक, पण बोट फिरवलं तर खळगा लागतो आणि तिथे सावली पडते. दुसऱ्या वर्गात उंची गेलेली असते. तिसऱ्यात दोन्ही.

पहिला वर्ग ग्राफ्टला छान साथ देतो, बऱ्याचदा एकाच शस्त्रक्रियेत काम होतं. उंची मिळवणं मात्र कठीण. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात दोन शस्त्रक्रिया लागू शकतात, तरी पूर्ण उंची परत येईल असं कुणी ठामपणे सांगू नये. अपघातात दोन-तीन दात हाडासकट गेले असतील आणि तुम्हाला ‘आधीसारखंच करून देतो’ असं आश्वासन मिळालं, तर दुसरं मत घ्या.

मला खरंच याची गरज आहे, हे कसं ओळखायचं?

मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढा, बोलताना आणि मनमोकळं हसताना. फोटोसाठी केलेलं हसू उपयोगाचं नाही, त्यात ओठ आवरलेला असतो. पूर्ण हसतानाही वरचा ओठ हिरडीपर्यंत उचलला जात नसेल, तर तो खळगा दुसऱ्या कुणाला कधी दिसणारच नाही. अशा वेळी फक्त दिसण्यासाठी टाळूवर चीर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओठ उचलला जात असेल, किंवा अन्न अडकणं आणि उच्चार यांचा त्रास असेल, तर विचार जरूर करावा. मागच्या दाढांच्या जागी दिसण्यासाठी ग्राफ्टची गरज क्वचितच पडते. तिथे साफ करता येईल असा ब्रिज महत्त्वाचा.

टाळूचीच ऊती का? तिथे भोक राहतं का?

टाळूची ऊती हिरडीच्याच जातीची, घट्ट आणि टिकाऊ. सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेपर्यंतचा पट्टा यासाठी वापरतात. त्याच्या मागे आणि वरच्या बाजूला टाळूची मोठी रक्तवाहिनी असते, तिला सांभाळून काम करावं लागतं. टाळूची जाडी प्रत्येकाची वेगळी. भूल दिल्यावर सुईने ती मोजतात आणि मगच किती घ्यायचं ते ठरतं. पातळ टाळूतून जास्त ऊती ओढून घेण्याचा हट्ट केला तर वरची त्वचा मरते आणि जखम उघडी पडते.

दुसरी चांगली जागा म्हणजे वरच्या शेवटच्या दाढेमागचा उंचवटा. तिथली ऊती जास्त घट्ट असते, दुखतंही कमी, पण मिळते थोडीच. अक्कलदाढ तिथेच असेल तर तेवढीही मिळत नाही.

भोक राहत नाही. चीर टाक्यांनी बंद केली असेल तर एक-दोन आठवड्यांत भरते. त्वचेसकट चकती काढली असेल तर भरायला दोन ते चार आठवडे लागतात. खरं सांगायचं तर ग्राफ्ट बसवलेल्या जागेपेक्षा टाळूच जास्त दुखतो. मऊ प्लास्टिकची टाळूपट्टी आधीच बनवून घेतली तर जिभेचा आणि अन्नाचा स्पर्श टळतो आणि पहिला आठवडा पुष्कळ सुसह्य होतो. डॉक्टरांनी सुचवली नाही तर तुम्हीच विचारा.

टाळूला हात न लावता बाजारात मिळणारं काही वापरता येतं का?

येतं. प्रक्रिया करून पेशी काढून टाकलेली मानवी त्वचा असते, आणि प्राण्यांपासून बनवलेले कोलॅजनचे पापुद्रे असतात. कोलॅजनचं मूळ बहुतेक वेळा डुक्कर किंवा गाय-बैल असतं. आपल्याकडे अनेकांसाठी हा श्रद्धेचा आणि आहाराचा प्रश्न आहे, म्हणून तो शस्त्रक्रियेच्या आधीच मोकळेपणाने विचारावा. स्रोत पाकिटावर छापलेला असतो, तो दाखवायला कोणत्याही डॉक्टरला अडचण वाटू नये. विरघळणाऱ्या काही टाक्यांनाही हाच प्रश्न लागू होतो, आणि त्यांना कृत्रिम धाग्यांचा पर्याय उपलब्ध आहे.

गुणवत्तेचं म्हणाल, तर जाडी भरून काढण्यात स्वतःची ऊती अजूनही सरस ठरते. विकतचे पर्याय दुसरी जखम वाचवतात. अनेक जागा एकाच वेळी भरायच्या असतील किंवा टाळू फारच पातळ असेल तेव्हा ते उपयोगी पडतात. तुमचंच रक्त फिरवून बनवलेला पीआरएफचा पापुद्राही काही ठिकाणी वापरतात. टाळूची जखम भरायला त्याची मदत होते. खळगा भरण्यासाठी एकट्या पीआरएफवर विसंबू नये.

माझ्या हिरड्या सावळ्या आहेत. ठिगळ लावल्यासारखं दिसेल का?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण परदेशी रुग्णांच्या फोटोंत तो दिसत नाही. आपल्या अनेकांच्या हिरड्यांत मेलॅनिन असतं आणि रंग तपकिरी ते काळसर असतो. टाळूची त्वचा मात्र फिकट. त्वचेसकट चकती लावली तर सावळ्या हिरडीवर फिकट गुलाबी तुकडा वर्षानुवर्षं उठून दिसू शकतो. खिशात सरकवलेल्या ग्राफ्टमध्ये वरची त्वचा तुमचीच, तिथलीच राहते, म्हणून रंगाचा प्रश्न जवळपास येत नाही. पुढच्या दातांसाठी डॉक्टर कोणती पद्धत वापरणार आहेत, एवढा एक प्रश्न विचारलात तरी खूप.

दोन दातांमधली हिरडीची टोकं परत येतात का? तिथे काळे त्रिकोण दिसतात.

इथे अपेक्षा आवरून ठेवाव्या लागतात. दंतवैद्य टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैसर्गिक दातांवर मोजमापं केली. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून खालच्या हाडापर्यंतचं अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर हिरडीचं टोक जवळपास नेहमीच, ९८ टक्के जागी, पूर्ण भरलेलं होतं. ६ मिलिमीटरला ते ५६ टक्क्यांवर आलं आणि ७ मिलिमीटरला २७ टक्क्यांवर. एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो.

पाँटिकच्या शेजारी खरा दात असेल तर टोक त्या दाताच्या हाडावर उभं राहतं. ते हाड शाबूत असेल तर आशा चांगली. पायोरियाने ते आधीच उतरलं असेल तर ग्राफ्ट टाकून टोक उभं राहत नाही. तेव्हा दातांचा आकार थोडा रुंद करून, एकमेकांना टेकण्याची जागा हिरडीकडे नेऊन त्रिकोण लहान करता येतो. हे काम ब्रिज बनवणाऱ्याचं.

हाडाचा ग्राफ्ट लागेल की हिरडीचा पुरेल?

इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर उभा केलेला दात, बसवायचा असेल तर स्क्रूला हाडच लागतं. ब्रिज करायचा असेल तर पाँटिक हाडात जात नाही, हिरडीला फक्त टेकतो, म्हणून बहुतेक वेळा मऊ ऊतीचा ग्राफ्ट पुरतो. पुढे कधीतरी इम्प्लांट करायचा विचार असेल तर तो आत्ताच बोलून ठेवा, कारण मग नियोजनच बदलतं.

एकूण किती दिवस लागतात? तोवर दाताविना फिरायचं का?

नाही. शस्त्रक्रियेच्या आधी तात्पुरता ब्रिज तयार असतो आणि त्याच दिवशी बसवतात. त्याचा मधला दात खालून घासून आखूड केलेला असतो, कारण सूज येते आणि ग्राफ्टवर दाब पडला तर तो मरतो. पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्ट आजूबाजूच्या द्रवावर जगतो, मग त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरू लागतात. या काळात तो जागचा हलता कामा नये. ओठ वर ओढून आरशात पाहू नका असं आम्ही दहा वेळा बजावतो ते याचसाठी, आणि तरीही ही चूक सर्वात जास्त होते.

भूल दातासमोरच्या इंजेक्शनची. काम तासा-दीड तासाचं. टाके एक ते दोन आठवड्यांत काढतात. सहा ते आठ आठवड्यांनी ऊती स्थिरावली की खरं कौशल्याचं काम सुरू होतं. तात्पुरत्या पाँटिकच्या तळाला थोडं थोडं साहित्य चढवून तो अंड्यासारखा गोल करतात आणि हिरडीत हलकेच दाबतात. हिरडी क्षणभर पांढरी पडते. दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी झाली तर दाब योग्य, नाही झाली तर तळ पुन्हा घासायचा. असं करत करत हिरडीत एक वाटी तयार होते आणि दात जणू तिथूनच उगवल्यासारखा दिसतो. कायमचा ब्रिज साधारण तीन ते चार महिन्यांनी, मोठ्या ग्राफ्टमध्ये त्याहून उशिरा. लग्नाची तारीख पंधरा दिवसांवर आली असताना हे काम काढू नये.

मी तंबाखू, मशेरी किंवा सुपारी घेतो/घेते. चालेल का?

चालणार नाही, आणि यात सूट मागू नका. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्ट तर त्यांच्याच भरवशावर असतो. सिगारेट, बिडी, तंबाखू-चुना सगळं त्यात आलं. मशेरीकडे घरातल्या बायका ‘दात घासायची वस्तू’ म्हणून पाहतात, त्यामुळे ‘तंबाखू खाता का’ असं विचारल्यावर त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवर चोळली जाते. आजी, काकू, आई जिचं काम असेल तिने हे आधी सांगावं. कुणी रागावणार नाही.

सुपारी आणि गुटख्याने तोंड उघडणं कमी झालं असेल, गाल-टाळू पांढरट आणि कडक झाले असतील, तर टाळूची ऊती घेण्याजोगी राहत नाही. तिथे आधी त्या आजाराची तपासणी आणि उपचार. तो कर्करोगापूर्वीचा टप्पा असू शकतो. दाताचं दिसणं नंतर पाहू.

मधुमेह आहे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू आहेत. शस्त्रक्रिया करता येईल का?

मधुमेह आटोक्यात असेल तर येते. अलीकडचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) अहवाल सोबत आणा. साखर वाढलेली असेल तर काही महिने थांबण्यात काहीच बिघडत नाही, हे तातडीचं काम नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याशी दंतवैद्य बोलतील. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं किंवा गोळ्याही सांगा. गरोदरपणात हे काम पुढे ढकलतात.

घरी गेल्यावर काय खायचं, काय टाळायचं?

पहिले दोन दिवस गार किंवा कोमट आणि मऊ: गुरगुट्या भात, कोमट वरण, पेज, ताक, दही, केळं. नंतर उपमा, खिचडी, दुधात भिजवलेली पोळी. भाकरी, चिवडा, शेंगदाणे, कुरडया, तिखट रस्सा दोन आठवडे नको. स्ट्रॉने पिऊ नका, जोरात चूळ भरू नका, थुंकू नका. ओढ बसली की रक्ताची गुठळी निघते.

त्या जागी ब्रश लावायचा नाही, बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने हलकेच चूळ घोळवा. त्याने दातांवर तपकिरी डाग येतात, चहा जास्त असेल तर अधिकच. घाबरू नका, ते पॉलिशने निघतात. हळद, लवंगेचं तेल, तुरटी यांपैकी काहीही जखमेवर लावू नका.

टाळूतून रक्त आलं तर स्वच्छ ओला गॉझ घडी करून बोटाने वीस मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, ताप किंवा पू असेल तरीही करा. ग्राफ्टच्या जागी पांढरट थर दिसला तर तो खरवडू नका. पुष्कळदा ती बरी होणारी त्वचा असते, फोटो पाठवून विचारून घ्या.

भरलेली हिरडी टिकते का?

सुरुवातीला ती मुद्दाम थोडी जास्त भरतात, कारण पहिल्या काही महिन्यांत आक्रसते. ते आक्रसणं थांबल्यावर जे उरतं ते सहसा वर्षानुवर्षं राहतं. स्वच्छता सुटली तर मात्र काहीच टिकत नाही.

ब्रिज आधीच पक्का चिकटवलेला आहे. तो न काढता होईल का?

खळगा फक्त रुंदीचा असेल तर खिसा करून ऊती सरकवता येते. पण पाँटिकचा तळ जुन्या खळग्याच्या मापाचा असतो, त्यामुळे निकाल अर्धवटच राहतो. ब्रिज तसाही जुना झाला असेल तर आधी तो कापून काढून तात्पुरता बसवावा आणि मग हिरडीकडे वळावं.

शस्त्रक्रियाच नको असेल तर?

गुलाबी पोर्सेलीन. ब्रिजवरच हिरडीच्या रंगाचा भाग चढवतात. मोठ्या, उंची गेलेल्या खळग्यांत ते दोन-तीन शस्त्रक्रियांपेक्षा अनेकदा चांगलं दिसतं, आणि ते निवडण्यात कमीपणा काही नाही. सावळ्या हिरडीशी रंग जुळवायचा असेल तर लॅबला दिवसाउजेडात काढलेला फोटो द्या. गुलाबी भागाची कड हसताना ओठाखाली लपते का, हे तात्पुरत्या ब्रिजवर आधी पाहून घ्या.

दात अजून काढलेला नाही, लवकरच काढायचा आहे. आत्ता काही करता येईल?

इतका वेळेवर विचारलेला प्रश्न क्वचितच येतो. दात हळूच, समोरची भिंत न मोडता काढणं, त्या पोकळीत हाडाचं साहित्य भरून ती झाकणं, आणि तात्पुरत्या पाँटिकने हिरडीला लगेच आधार देणं, यांमुळे झीज पूर्ण थांबत नाही पण बरीच कमी होते. काही वेळा मूळ निरोगी असेल तर ते हाडाच्या पातळीला कापून हिरडीखालीच ठेवतात. मूळ असलं की त्याभोवतीचं हाडही टिकतं. प्रत्येक दात यासाठी योग्य नसतो, पण काढायच्या आधी ‘इथे पुढे ब्रिज करायचा आहे’ एवढं सांगा.

हे काम कोण करतं आणि खर्च?

शस्त्रक्रिया हिरड्यांचे तज्ज्ञ म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट करतात, ब्रिज कृत्रिम दातांचे तज्ज्ञ म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट. दोघांनी आधी एकत्र बसून ठरवलेलं असावं. दोन चिठ्ठ्यांवर दोन वेगळी मतं असतील तर काम सुरू करू नका. खर्च शहर, पद्धत आणि साहित्यानुसार खूप बदलतो, म्हणून ग्राफ्ट, तात्पुरता ब्रिज, कायमचा ब्रिज आणि गरज पडल्यास दुसरा ग्राफ्ट असे चार आकडे वेगवेगळे लिहून घ्या. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दिसण्यासाठीचे दंतोपचार येत नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. तिथे फेऱ्या जास्त होतात, खर्च खासगीपेक्षा कमी.

ब्रिज बसल्यावर त्याच्या खाली साफ कसं करायचं?

साधा फ्लॉस (दातांमधून फिरवायचा धागा) वरून जात नाही, कारण दात जोडलेले असतात. एका टोकाला कडक आणि मध्ये स्पंजसारखा जाड असलेला सुपरफ्लॉस बाजूने ओवायचा आणि पाँटिकच्या गोल तळाशी पुढे-मागे सरकवायचा, रोज रात्री एकदा. कडेच्या फटींसाठी मापाचा छोटा इंटरडेंटल ब्रश. पहिल्यांदा हे दवाखान्यात आरशासमोर स्वतः करून दाखवा, नुसतं ऐकून येऊ नका. आठवडाभरानंतरही फ्लॉसला रक्त लागत असेल तर पाँटिक जास्त दाबतो आहे किंवा तळाशी काहीतरी साचतं आहे. सहा महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता दाखवून या.